खुब्यातले तीन स्क्रू

"फीमर नेक फ्रॅक्चर," जहाजावरचे डॉक्टर म्हणाले आणि पडद्यावरच्या एक्स-रेवर त्यांनी पेनाचं टोक टेकवलं. मांडीचं हाड वर खुब्याच्या खोबणीत बसतं. तिथं त्याला एक गोळा असतो आणि गोळ्याखाली बारीक मान. ती मान मोडली होती. हाड माझ्या बायकोचं, सुमनचं. वय बावन्न. सिंगापूरहून निघून आम्हाला अजून पुरता एक दिवसही झाला नव्हता.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते खरं सांगतो. मनात आलं, जहाजावर दवाखाना, दवाखान्यात एक्स-रेचं मशीन, म्हणजे यांनी गिऱ्हाईक आधीच धरून ठेवलेलं दिसतंय. बायको समोर दात-ओठ आवळून पडली होती आणि मी त्या डॉक्टरच्या चेहऱ्यावर लबाडी शोधत होतो.

याला माझा धंदा कारण आहे. वरवंडला माझं कृषी सेवा केंद्र आहे. खत कंपनीचा ठरलेला माल खपवला की दुकानदाराला जोडीनं परदेशात फिरवून आणतात, तशा स्कीममध्ये आम्ही गेलो होतो. दौंड आणि शिरूर तालुक्यातली पंधरा-सोळा जोडपी होती आणि सोबत कंपनीचे अधिकारी घाडगे. आमच्या धंद्यात लिंकिंग नावाचा प्रकार चालतो. शेतकरी युरियाची गोणी मागायला येतो, तेव्हा तिच्यासोबत त्याला नको असलेली एक बाटली गळ्यात मारायची. वरून आम्हाला तसं येतं, आम्ही ते खाली ढकलतो. पंचवीस वर्षं हे केलेल्या माणसाला कुठल्याही काउंटरच्या पलीकडे बसलेला माणूस सरळ दिसत नाही.

आता पडली कशी ते. सकाळी नाश्ता करून आम्ही वरच्या डेकवर गेलो. मला तिचा असा फोटो हवा होता, की मागं नुसता समुद्र दिसेल. सुमन पोहण्याच्या तलावाजवळच्या दोन पायऱ्यांवर, वरच्या बाजूला उभी होती. मी मोबाइलमध्ये बघत म्हणालो, "अजून जरा मागं सरक." ती सरकली. मागची पायरी ओली होती.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, चालता चालता पाय घसरला. पायऱ्या सांगितल्या नाहीत आणि फोटोही सांगितला नाही. लाज वाटली, आणि दुसरं म्हणजे घाडग्यांनी आधीच कानात सांगितलं होतं, "भाऊ, जास्त डिटेलमदी जाऊ नका, इन्शुरन्सवाले फाटे फोडतात." मला वाटलं, चला, यांचंही काहीतरी आतून असणार. पण त्यांचं ऐकणं मला सोयीचं होतं, म्हणून ऐकलं.

दुपारी जहाज मलेशियातल्या एका बंदराला लागलं. तिथून ॲम्ब्युलन्सनं आम्हाला एका हॉस्पिटलात नेलं. बाकीची जोडपी जहाजाबरोबर पुढे गेली, घाडगे तेवढे आमच्यासोबत उतरले. हॉस्पिटल इतकं चकचकीत होतं की माझा संशय आणखी वाढला. एवढी फरशी कोण चमकवतं आणि कुणाच्या जिवावर, असं मी घाडग्यांना बोलूनही दाखवलं.

तिथल्या हाडांच्या डॉक्टर म्हणजे एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्या इंग्रजीत बोलायच्या, घाडगे मराठीत सांगायचे. त्या म्हणाल्या, "गोळ्याला रक्त या मानेतूनच पोचतं. मान मोडली की ते अडतं. आज ऑपरेशन करून स्क्रू बसवले तर गोळा जगण्याची आशा चांगली आहे. जितका उशीर तितकी आशा कमी." रक्त न मिळून हाड मरतं त्याला त्यांनी एव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हटलं. आणि सोबत त्यांना डोक्याचा सीटी स्कॅन हवा होता, म्हणजे आतून मेंदूला मार आहे का ते दाखवणारं चित्र.

खुबा मोडलाय आणि स्कॅन डोक्याचा! लिंकिंग, दुसरं काय. आणि "आजच करा" हे तर आमच्याच तोंडचं वाक्य. आज फवारणी केली नाही तर प्लॉट हातचा गेला, असं मी हंगामात दिवसातून दहा वेळा म्हणतो. कधी ते खरं असतं, कधी माल पडून असतो. मी बाईंना सांगितलं, आम्ही आमच्या गावी जाऊन ऑपरेशन करू, विमानात बसवून द्या.

त्या शांतपणे म्हणाल्या की हिला बसताच येणार नाही, झोपवून न्यावं लागेल, आणि त्याची व्यवस्था व्हायला तीन-चार दिवस लागतात. घाडगे म्हणाले, "भाऊ, करून टाका." मी त्यांच्याकडेही रोखून पाहिलं. कंपनीला प्रकरण इथल्या इथं मिटवायचं होतं, अशी माझी खात्री झाली होती.

मी गावाकडे मोठ्या भावाला, आप्पाला, फोन लावला. आमचे वडील मेंढरं राखायचे. मेंढराचा पाय मोडला की बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधायचे आणि महिन्यात मेंढरू कळपाबरोबर चालायला लागायचं. हे आम्ही दोघा भावांनी डोळ्यांनी पाहिलेलं. आप्पा म्हणाला, "सही करू नगं. हिकडं आण. आपल्यात हाडं बांधणारी माणसं काय कमी हायती का?" मला हवं होतं तेच तो बोलला. सही न करता मी तो दिवस काढला. सुमनला वेदना कमी करायची इंजेक्शनं चालू होती. ती छताकडे बघत पडून राहायची आणि मी नर्सनं टोचलेल्या प्रत्येक इंजेक्शनच्या नावाचा फोटो काढायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डॉक्टर आल्या आणि त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. घाडग्यांनाही. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, पेशंटशी एकटीशी बोलायचंय. दार बंद झालं. काचेतून दिसत होतं, सुमनच्या उशाशी एक फोन ठेवला होता आणि त्यावरून कुणी तरी दुभाषी हिंदीत बोलत असावा, कारण सुमन हिंदीत बोलताना जसे हातवारे करते तसे करत होती.

घाडगे खाली बघत म्हणाले, "भाऊ, राग मानू नका. डोक्याला मागून टेंगूळ हाय. तुम्ही सांगितलं चालताना घसरली. मार एक सांगतोय, तुम्ही एक सांगताय. वर ऑपरेशन करू देत न्हाई, तिला बोलू देत न्हाई. ते तिला विचारतायत, तुम्ही ढकललं का म्हणून."

मला संताप आला. मी, बायकोवर हात टाकणारा? दार ढकलून आत घुसावं आणि त्या बाईंना जाब विचारावा असं वाटलं. पण बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसलो. त्या बाकड्यावर बसून मला पहिल्यांदा कळलं, की समोरचा आपल्याकडे आधीच ठरवलेल्या नजरेनं बघतो तेव्हा कसं वाटतं. आणि त्या बाई पूर्ण चुकीच्या तरी कुठं होत्या? हातानं ढकललं नव्हतं, पण मागं सरक म्हणणारा मीच होतो. डोक्याचा स्कॅन लिंकिंग वाटला तोही माझ्यामुळेच. पायऱ्यांवरून उलटी पडल्याचं सांगितलं असतं, तर तो का हवा हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

वीस मिनिटांनी दार उघडलं. सुमनच्या हातात कागद होता. ऑपरेशनचं संमतीपत्र. इतका वेळ मी समजत होतो की सही माझी लागते. तिथं पेशंट शुद्धीवर असेल तर सही पेशंटचीच असते, मला हे कुणी सांगितलं असेल तरी मी ऐकलं नव्हतं. तिनं खाली तिचं ठळक, गोल अक्षरातलं नाव काढलं होतं.

"तू सही केलीस?"

"व्हय." ती म्हणाली, "तुमच्याकडं माणसं येत्यात, पिकाची पानं दाखवत्यात, तुम्ही द्याल ती बाटली घेऊन जात्यात. त्यांना काय कळतं त्यातलं? तरी इस्वास ठेवत्यातच न्हवं? मी बी ठेवला. मला कोरेगावावरनं वढूला चालत जायचंय. मी मेंढरू न्हाई, कामट्या बांधायला."

वढू बुद्रुक हे तिचं माहेर. एसटीनं कोरेगाव भीमाला उतरायचं आणि तिथून माहेरापर्यंत पायी जायचं, हा तिचा लग्नापासूनचा नेम. मी गाडी घेतली तरी तिनं तो मोडला नाही. मी गाडीत बसून पुढे जातो, ती मागून रमतगमत येते. पाय वाचला पाहिजे तो यासाठी, हे तिनं सरळ सांगितलं.

मी त्या डॉक्टरांना गाठलं आणि घाडग्यांना बाजूला ठेवून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. पायऱ्या, ओलं, फोटो, मागं सरक. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मान हलवली. रागावल्या नाहीत. डोक्याचा स्कॅन झाला, तो चांगला आला. दुपारी ऑपरेशन झालं. मोडलेली मान जागेवर आणून तीन स्क्रू बसवले. जहाजावर पडल्यापासून जवळजवळ सव्वा दिवस उलटला होता. त्यातला बहुतेक उशीर माझ्यामुळे.

नऊ दिवसांनी आम्ही घरी आलो. सहा आठवडे त्या पायावर भार द्यायचा नव्हता. मग वॉकर, मग काठी. दर काही आठवड्यांनी दौंडला एक्स-रे, आणि तो घेऊन पुण्याच्या सर्जनकडे. वेटिंग रूममध्ये मी आता शेजारच्या माणसाशी डॉक्टर कमिशन खातो की नाही यावर बोलत नाही. संशय गेलाय असं समजू नका, तो माझ्या रक्तात आहे. आता मी त्याचा प्रश्न करून डॉक्टरांसमोर मांडतो. हे कशासाठी, नाही केलं तर काय, उद्या केलं तर काय. बहुतेक डॉक्टर सांगतात. जो सांगत नाही, त्याच्याबद्दल मग खुशाल शंका घ्यावी.

दहाव्या महिन्यात सुमनची जांघ दुखायला लागली. एमआरआयमध्ये गोळ्याचा एक लहान भाग मेलेला दिसला. मी पुण्याच्या सर्जनना विचारलं, हे उशिरामुळं झालं का? ते म्हणाले, "असेल, नसेलही. वेळेत केलेल्यांनाही होतं. हे कुणी सांगू शकणार नाही." त्यांनी मला दोषही दिला नाही आणि सोडलंही नाही. भाग वाढला तर पुढे खुबा बदलावा लागेल, नाही वाढला तर असंच चालेल. आम्ही लक्ष ठेवून आहोत. मला याचं वाईट वाटतं, रोज वाटतं.

तिला त्या फोनवर काय विचारलं आणि तिनं काय उत्तर दिलं, हे विचारायला मला वर्ष लागलं. एका संध्याकाळी दुकानात गर्दी नसताना विचारलं. ती पावत्या लावत होती. म्हणाली, "त्यांनी इचारलं, नवऱ्यानं ढकललं का. मी म्हणलं, न्हाई. माणूस संशयी हाय, पण माझ्या वाटंला आडवा जायाचा न्हाई. मी माझ्याच पायानं मागं सरकले." मग पावत्यांना रबर लावत म्हणाली, "आन् तुम्ही बाहीर रडत होता म्हनं. घाडगे म्हणले." मी रडलो नव्हतो. निदान मला तसं आठवत नाही.

तुमच्यापैकी कुणी असं परक्या मुलखात अडकलं तर माझं एवढंच सांगणं आहे. कसं लागलं ते खरं सांगा, कितीही लाज वाटली तरी. ज्याचं हाड मोडलंय त्याला आधी विचारा, गावच्या फोनला नंतर. आणि त्या पिकल्या केसांच्या बाईंनी मला दाराबाहेर काढलं, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मी लिहिलेलं हे त्यांच्यापर्यंत पोचणार नाही, पण आभार मानून ठेवतो.

गेल्या महिन्यात आम्ही वढूला गेलो. कोरेगावपासून चालायला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून तिनं गावाच्या अलीकडे, ऊस संपतो तिथं गाडी थांबवायला लावली. काठी घेऊन उतरली. मी गाडी तिथंच उभी केली आणि पहिल्यांदाच तिच्या मागून चालत निघालो. तिचा एक पाय जरा आखडतो, पण ती थांबली नाही. वेशीपाशी आल्यावर मात्र वळली, पदर नीट केला आणि म्हणाली, "काढा आता फोटो. मागं माझं गाव दिसू द्या."

मी जहाजापासून तिचा एकही फोटो काढला नव्हता. मोबाइल धरला. चौकटीत काठी मावत नव्हती, गावही अर्धंच येत होतं. तिला माझी अडचण कळली असावी.

"सरकू का मागं?" तिनं विचारलं, आणि हसू दाबलं.

"तू हलू नको," मी म्हणालो. मग मागं वळून रस्ता नीट पाहिला आणि मीच चार पावलं मागं सरकलो.