माझ्या पायाखालचा ब्रेक

निपाणी मागे पडली तशी मॅडमनी विचारलं, "सर, आता मी घेऊ का?"

तोवर स्टीअरिंगवर मी होतो. गाडी त्यांची, नवी कोरी. वैशाली मॅडम मूळच्या अमरावतीच्या, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. कंपनीने बंगलोरला पाठवलं, म्हणून गाडी पोचवायला मला बरोबर घेतलं होतं. नारायण पेठेतल्या माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांनी एकवीस दिवसांचा कोर्स केला होता. लायसन्स मात्र अजून लर्निंगचंच.

"पण सर, महाराष्ट्राचं लर्निंग कर्नाटकात चालेल?"

"अहो, देशभर चालतं," मी ऐटीत सांगितलं. "पुढे-मागे लाल एल हवा. शेजारी पक्क्या लायसन्सवाला हवा, तोही गाडी थांबवता येईल असा बसलेला. नियमच आहे."

एल चिकटवलेला होता. शेजारी मी होतो. पक्कं लायसन्स मिळालं की त्या अनोळखी शहरात एकट्याच चालवणार होत्या. हात साफ होऊ दे म्हणून मी जागा बदलली.

सरळ रस्त्यावर त्यांनी झकास चालवली. घाटाचा चढही नीट काढला. मग उतार लागला. पुढे उसाची ट्रॉली, मागे दोन-तीन हात ऊस बाहेर आलेला.

"ब्रेक," मी म्हणालो.

गाडी तशीच पुढे. माझा उजवा पाय सवयीने खाली गेला आणि मॅटवर आपटला. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, त्याला आम्ही डबल कंट्रोल म्हणतो. इथे नुसतं मॅट होतं.

"मॅडम, ब्रेक!"

"लावलाय सर!"

त्यांचा पाय पेडलवर होता, पण पायपुसण्यावर ठेवावा तसा. मी हँडब्रेक खेचला आणि ओरडलो, "पूर्ण दाबा! जीव खाऊन दाबा!" गाडी घसरत थांबली. दोन ऊस बॉनेटवर टेकले होते. ट्रॉली पुढे सरकली तसे ते खरवडत गेले. आणखी हातभर पुढे गेलो असतो तर ते काच फोडून आत आले असते. अठरा वर्षं शिकवतोय, पण इतका कधी घाबरलो नव्हतो.

गाडी कडेला घेतली. मग त्या हळूच म्हणाल्या, "क्लासची गाडी एवढ्यावरच थांबायची, सर."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. एकवीस दिवस ती गाडी मी थांबवत होतो. त्यांना वाटायचं, आपणच थांबवली. वर मी म्हणायचो, "वा, ब्रेक एकदम स्मूथ!"

"ती मी थांबवायचो, मॅडम."

"मग सांगायचं ना! मी एकटी असते तर?"

पुढे एका रिकाम्या फाट्यावर त्यांना चालवायला आणि थांबवायला लावलं, पोटरी दुखेपर्यंत. दर वेळी माझा हात हँडब्रेकवर होता. तिथून बंगलोरपर्यंत मीच चालवली.

पुढच्या महिन्यात त्यांनी पुण्याला येऊन टेस्ट दिली. पास झाल्या.

आता कोर्सच्या शेवटच्या दिवशी मी मोकळ्या मैदानावर डाव्या सीटवर, माझ्या ब्रेकवरून पाय उचलून, चक्क मांडी घालून बसतो. विद्यार्थी हसतात, "सर आज आरामात!" आरामात कसला, बाबांनो. तुमच्यापेक्षा जास्त मीच घाबरलेला असतो.