तिला इचारलं का?

जूनमध्ये शाळेत नवी नावं घालायचे दिवस आले की रखमाआक्का माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहत. खुर्ची दिली तरी बसत नसत. अंगणवाडीची जन्मनोंदीची वही उघडून पोराच्या नावावर बोट ठेवत, आणि मी रजिस्टरात तारीख उतरवून घेईपर्यंत ते बोट हलत नसे. मग म्हणत, "वाचून दावा." आणि मी, उभ्या वस्तीला वाचायला शिकवणारा माणूस, त्या सातवी पास बाईला मुकाट्याने तारीख वाचून दाखवायचो. नव्या शिक्षकांना तो अपमान वाटे. मला वाटत नसे. का, ते इतकी वर्षं मी कुणाला सांगितलेलं नाही.

न्हावऱ्याजवळच्या आमच्या वस्तीवर आक्का अंगणवाडी सेविका होत्या. काम म्हणजे खिचडी शिजवायची, पोरांची वजनं घ्यायची. पण आक्कांना तेवढ्यानं चैन कुठलं पडायला! सकाळी सकाळी त्या दूध डेअरीवर जाऊन उभ्या राहत. "बायकांना सांगून काय उपेग? ठरवनारं सगळं हितं किटल्या घेऊन हुबं हाय," असं म्हणत. एकदा त्यांनी तिथं एका आप्पांना गाठलं. आप्पांच्या सुनेला दोन मुली होत्या आणि घरात तिसऱ्याची बोलणी चालली होती.

"आप्पा, तिला इचारलं का?"

"तिला काय इचारायचं त्यात?"

"अंग तिचं हाय. म्हशीचं बी काय आसंल तर डाक्टरला इचारून करता. सुनंचं करताना कुनालाच इचारत न्हाई व्हय?"

डेअरीवरची माणसं हसली. आप्पा तणतणत गेले, आणि आठच दिवसांत ती सून स्वतः आक्कांना घेऊन तांबी बसवून आली. सातवीच्या मुलामुलींना एकत्र बसवून पाळी म्हणजे काय, हेही आक्कांनीच सांगितलं. मी तेव्हा व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो होतो. मी नेहमी असा कडेला उभा राहणाराच माणूस.

बानू ही म्हाळू धनगराची मुलगी. मेंढरांमागं हिंडताना रानात जन्मली, म्हणून तिची नोंद ना पंचायतीत, ना आक्कांच्या वहीत. ती चार वर्षांची असताना आक्का तिला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आल्या. दिवाळी झाली की म्हाळू कळप घेऊन कोकणात उतरणार आणि पोरगीही बरोबर जाणार, मग शाळा कायमची सुटली. नाव घातलं तर मात्र वस्तीवरची तिची चुलती, शाळेत जाणाऱ्या तिच्या थोरल्या भावाबरोबर तिलाही ठेवून घ्यायला तयार होती.

"सहा लिवा की गुरुजी," आक्का म्हणाल्या. "पोरगी चुनचुनीत हाय, वढून न्हेईल."

मी एक जून लिहिलं. ज्यांची तारीख माहीत नसे, त्या सगळ्यांना आम्ही मास्तर लोक एक जूनच लिहायचो. वर्ष दोननं मागं घेतलं. एवढंसं तर होतं, आणि तेही पोरीच्या भल्यासाठी.

बानूनं खरंच ओढून नेलं. बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात वरवंडकडचं स्थळ आलं. माणसं चांगली होती, जिरायत सोडून बागायतीला लागलेली. बानूनं आक्कांना निरोप धाडला, "मला सिस्टर व्हायचंय. पुढं शिकू द्या म्हणावं." तिचं खरं वय सोळा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आक्का हवालदाराला घेऊन आल्या तेव्हा बानूला हळद लागली होती. मी जेवणाच्या आमंत्रणावर आलो होतो. म्हाळूनं खिशातून शाळेचा दाखला काढला. "अठरा पुरी हायेत सायेब," तो म्हणाला. अक्षर माझं होतं.

"ती तारीख खोटी हाय," आक्का सगळ्या मांडवासमोर म्हणाल्या. "मीच गुरुजींना लिवाय लावली. गुरुजी, सांगा."

हवालदार माझ्याकडे वळला. सरकारी रजिस्टरात खोटी नोंद म्हणजे नोकरीवर गदा, हे मला पाठ होतं. पाटावर बसलेली बानूही माझ्याकडेच बघत होती. कपाळावरची हळद अजून ओली होती.

"दाखल्यावर आहे तीच तारीख खरी," मी म्हणालो.

लग्न झालं. मी जेवलोसुद्धा. लाज वाटते सांगायला, पण जेवलो.

आक्का मात्र थांबल्या नाहीत. एसटीनं वरवंडला जाऊन त्यांनी बानूच्या सासूला समजावलं की दोन वर्षं मूल होऊ देऊ नका, पोरीचं अंग अजून भरलेलं नाही. सासूनं चहा पाजला आणि गोळ्यांचं पाकीट परत त्यांच्या पिशवीत घातलं. वर्षाच्या आत बानू बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण म्हाळू कोकणात. कळा सुरू झाल्या आणि तिला झटके येऊ लागले. घरातच मुलगी झाली, पण झटके थांबेनात. जीपनं दौंडला नेताना बानू वाटेतच गेली.

तेव्हापासून आक्का जूनमध्ये माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहू लागल्या. मला त्या कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बानूची मुलगी चुलतीनंच वाढवली. आक्का आजारात गेल्या त्याच्या आदल्या वर्षी त्या पोरीला शाळेत घेऊन आल्या. पोरीची सहा वर्षं पूर्ण भरली होती, एक दिवसही कमी नाही. आक्कांनी वही उघडून बोट ठेवलं. मी तारीख लिहिली.

"वाचून दावा."

मला वाचता येईना. पोरीच्या जन्माची तारीख, तीच बानू गेल्याची. पोरगी टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत होती, डोळे थेट आईचे.  आक्कांनी स्वतःच रजिस्टर आपल्याकडे वळवून एकेक आकडा हळू वाचला आणि पोरीला वर्गात पाठवलं.

"आक्का," मी म्हणालो, "त्या दिवशी मांडवात मी खोटं बोललो."

त्यांनी वही मिटली, पिशवीत घातली.

"मला काय सांगताय गुरुजी," त्या म्हणाल्या. "तिला सांगायचं व्हतं."