लाल पटक्याचा ठिपका

हिर्डोशीच्या वरच्या वाडीची धनगरीण सोजराबाई नवऱ्याचं तेरावं आटपून, काखेत नवं घोंगडं मारून भोरला आली, ती चित्र बघायला. तिचा नवरा धरणाच्या कामावर दगड उचलणाऱ्या यारीतून सुटलेल्या दगडाखाली चिरडून मेला होता. त्याच दिवशी नदीच्या अल्याड बसून मुंबईचा एक चित्रकार ती नदी रंगवत होता, असं कामावरच्या बायांनी तिला सांगितलं होतं.

चित्रकाराच्या खोलीच्या दारातूनच तिला चित्रात आपला नवरा दिसला. नदी, काळी यारी, धूर, आणि यारीखाली लाल पटका बांधलेला माणूस. ती धावत जवळ गेली, तर तिथं माणूस नव्हताच. रंगाचा नुसता जाड लपका. मागं सरली, की पुन्हा माणूस.

"आमच्या मान्साचा पटका हाय त्यो," ती म्हणाली. "तेवढा तुकडा कापून द्या, सायेब. देवाऱ्यात पितरांसंगं ठिवते. ह्ये घोंगडं घ्या."

चित्रकार हसला. "बरी आठवण करून दिलीस. धरणाचे साहेब चित्र विकत घेताहेत. त्यांना तो लाल डाग डोळ्यांत खुपतो."

त्यानं सुरीनं पटका खरवडला, सुरी चिंधीला पुसली आणि तिथं निळ्या रंगाचा एक फराटा ओढला. नदी कशी स्वच्छ झाली! हरामखोर मागं सरून ती डोळे भरून बघत राहिला.

चिंधी त्यानं सोजराबाईपुढं टाकली. घोंगडं मात्र ठेवून घेतलं. साहेबाच्या बंगल्यावर नेताना चित्राला ओरखडा उठू नये म्हणून.