ह्येला ताप हाय

आमच्या घरात पाऊल टाकलं की अण्णा आधी कंप्युटरच्या मागे जात. पुढून कधी नाही. उजव्या हाताची पालथी बाजू मॉनिटरच्या फुगीर पाठीला लावत, लेकराच्या कपाळाला लावावी तशी, आणि डोळे बारीक करून म्हणत, "ह्येला ताप हाय, तम्मा."

मग दाराजवळच्या पाटावर टेकत आणि उरलेलं वाक्य पुरं करत. "तापलेल्या माणसाचं बोलणं खरं धरायचं न्हाई."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. वयानं ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, पण भालकीतल्या आमच्या गल्लीत ते सगळ्यांचे अण्णा होते आणि मी त्यांचा तम्मा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, काखेत छत्री, मग ऊन असो नसो. घरात कानडी बोलत, गल्लीत मराठी, आणि भांडायचं असलं की दख्खनी.

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. एसटीत चढण्याआधी कंडक्टरला गाव विचारतो, मग ड्रायव्हरला विचारतो, आणि चढल्यावर शेजारच्या प्रवाशाला विचारून खात्री करून घेतो. दूध घेताना दुधाकडे बघत नाही, दूधवाल्याच्या तोंडाकडे बघतो. अण्णा म्हणत, गोड बोलणाऱ्याला दोनदा विचारावं, आणि न बोलणाऱ्याला तीनदा. मी न बोलणाऱ्यांतला.

संशय हाच त्यांचा धंदा होता म्हणा ना. ते स्थळं जुळवत. आपल्यांतली, दुसऱ्यांतली, सगळ्यांची. बिदरपासून आळंदपर्यंत कुठल्या घरात लग्नाचं कोण आहे ते त्यांच्या डोक्यात असायचं. त्यांची बघायची रीत वेगळी होती. मुलाच्या घरी ते न कळवता जात, भर दुपारी, आणि मागच्या दारानं. तिथं उभं राहून पाणी मागत. आपण कोण, कुठले, काही सांगत नसत. पाणी कोण आणतं, कशातून आणतं, आणायला कोण कुणाला सांगतं, हे बघत आणि पाणी पिऊन निघून येत. पुढच्या दारानं बैठकीला जाणारे नंतर जायचे. "म्होरल्या दारात समदी माणसं चांगलीच असतेत," असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पाणी पिऊन नाही म्हटलेलं स्थळ कुणी पुढं नेत नसे.

आणि अशा माणसाच्या गल्लीत मी कंप्युटर आणला.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी कॉलेजात कारकून. घरी टायपिंगची कामं करता येतील असं सगळ्यांना सांगितलं, पण खरं म्हणजे मला तो हवा होता, बस. हैदराबादहून जोडून आणला. मॉनिटर थर्माकोलसकट मांडीवर घेऊन एसटीनं आलो आणि कंडक्टरनं हसत त्याचं अर्धं तिकीट फाडलं. घरी नारळ फुटला. बायकोनं परकराच्या उरलेल्या कापडाचं झालरीचं झाकण शिवलं. बघायला येणारी माणसं चपला बाहेर काढत, आणि पडद्याजवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहतात म्हणून लेकरं रांग लावत. लाईट गेली की खालचा बॅटरीचा डबा कुई कुई करायला लागायचा. शेजारची म्हातारी म्हणायची, "घ्या की त्येला जरा, रडायलंय."

अण्णा पहिल्या दिवशी आले ते त्याच्याभोवती एक फेरा मारून मागे गेले आणि पाठीला हात लावला. त्यानंतर आठवडाभर माझी बायको त्याला मधून मधून हातपंख्यानं वारा घालत होती.

दुकानदारानं मशीनसोबत एक सीडी दिली होती. जन्माची तारीख, वेळ आणि गाव घातलं की पत्रिका तयार, आणि दोघांच्या पत्रिका घातल्या की गुण जुळतात की नाही तेही. प्रिंटर कर्र कर्र करत कागद बाहेर सोडायचा. हे गल्लीत कळलं आणि माझं टायपिंग बाजूला राहिलं. खटकचिंचोळीहून, अवरादेहून माणसं यायला लागली. अण्णांचं पाणी आणि माझा कागद, असं सुरू झालं.

अण्णांनी त्याची परीक्षा घेतली. एक तारीख आणि वेळ सांगितली, म्हणाले, ह्या पोराचं काढ. मी काढलं. दीर्घायुषी, विद्वान, परदेशी जाणारा. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, जरा तोऱ्यातच.

"इचार त्येला," अण्णा म्हणाले, "हा पोरगा जित्ता हाय का मेलेला."

मी कागदाकडे पाहिलं.

"बोलायला लागायच्या आधीच गेला, तम्मा. माझाच व्हता."

बायको स्वयंपाकघराच्या दारात थबकली. मी कागद चुरगाळणार तेवढ्यात अण्णांनी तो माझ्या हातातून घेतला, चार घड्या घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. "खोटं हाय," म्हणाले. "पण इरली." म्हणजे कानडीत, असू दे. आणि छत्री काखेत मारून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पुन्हा हात लावला, पुन्हा ताप हाय म्हणाले.

इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. लग्नकार्यात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये. लोक हसतात, पोराचं आलं की गप्प होतात, आणि मग दुसरा विषय निघतो. पुढचं मी सांगत नाही. आज सांगतो.

आमच्या समोरच्या घरात एक विधवा बाई राहायची. ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकायची. पुण्याला जाणारी पोरं त्या भाकऱ्या डब्यांतून बांधून न्यायची. तिला एकच मुलगी. अण्णांचा त्या घराशी नात्याचा संबंध नव्हता, पण मुलीच्या जन्माच्या दिवशी सुईणीला बोलवायला तेच धावले होते, आणि तिचं लग्न आपल्या हातून लावायचं हे त्यांनी तिच्या बापाला, तो जाताना, कबूल केलं होतं. त्या मुलीसाठी आलेली स्थळं ते बघत आणि नाही म्हणत. किती घरांचं पाणी प्याले कोण जाणे.

माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, तेव्हा पुण्यात होता. त्याचं घर निंबर्ग्याचं. सासूबाईंनी त्या मुलीला आमच्याकडे पाहिलं आणि ती त्यांच्या मनात भरली. अण्णा निंबर्ग्याला जाऊन, मागच्या दारात पाणी पिऊन आले. म्हणाले, "घर चांगलं हाय. म्हातारीनं सोता उठून पाणी दिलं. पर पोरगं तर पुण्याला हाय. मला पाणी पुण्यात प्यावं लागंल."

त्यांचं पुण्याला जाणं आम्हाला चालण्यासारखं नव्हतं. मेव्हण्याची नोकरी गेली होती आणि तो पीत होता. हे मला ठाऊक होतं. बायकोला ठाऊक होतं, सासूबाईंना ठाऊक होतं. लग्न झालं की ताळ्यावर येईल, असं त्या म्हणाल्या. आपल्याकडे असं म्हणतात. म्हणताना तिघांपैकी कुणीही कुणाकडे पाहिलं नाही.

मुलीच्या आईनं पत्रिका बघायला सांगितलं. वेळ अण्णांनीच सांगितली. दुपारची बांग चालू होती तेव्हा पोरगी रडली, त्यांनी स्वतः दाराबाहेर उभं राहून ऐकलं होतं. मी ती वेळ घातली. पत्रिका जुळली नाही. मग मी सकाळची वेळ घातली आणि ती जुळली. बायको मागे उभी होती. प्रिंटर चालू झाला तशी ती भाजी निवडायला गेली.

कागद बघून मुलीची आई रडली. तिथी धरायची घाई सुरू झाली. अण्णा मात्र पाटावर बसून राहिले.

"मी सांगितलेली येळ घातलीस नव्हं?"

"व्हय अण्णा."

"आन् पोरगं?"

"माझा मेव्हणा आहे अण्णा," मी म्हणालो. "तुम्ही कशाला पुण्याला दगदग करता?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. दूधवाल्याकडे बघायचे तसं. मी नजर हलवली नाही. मग ते उठले. "तू म्हणतोस म्हणून," ते म्हणाले, आणि पुण्याला गेले नाहीत. उभ्या जन्मात त्यांनी माझ्या माहितीत एकाच माणसाचं न तपासता ऐकलं.

मुलगी वर्ष भरायच्या आत परत आली. काय काय झालं ते मी लिहीत नाही. तिची ट्रंक रिक्षातून उतरवायला मीच पुढे झालो. लग्नानंतर ती मला भाऊजी म्हणायला लागली होती. त्या दिवशी पहिल्यासारखं "राहू द्या काका" म्हणाली, आणि ट्रंक स्वतः उचलून आत नेली.

गल्लीनं दोष कुणाला दिला असेल? अण्णांना. साऱ्या जगाचं पाणी पिऊन बघणारा माणूस, सांभाळलेल्या पोरीच्या वेळेला कामून गेला नाही पुण्याला? म्हातारा झाला, असं लोक म्हणायला लागले. कुणी म्हणालं, त्यानं काहीतरी घेतलं असंल. स्थळं सांगायला माणसं येईनाशी झाली. अण्णांनी कुणालाही उत्तर दिलं नाही. तम्मानं सांगितलं म्हणून गेलो नाही, एवढं एक वाक्य त्यांनी बोलायचं होतं. ते त्यांनी कुठंच उच्चारलं नाही, आणि मी त्यांच्या वतीनं बोललो नाही.

ते माझ्याकडे मात्र यायचे. मला ते येणं नको वाटायचं. छत्री दिसली की आपल्याला सगळं कळल्याचं सांगायलाच ते येताहेत असं वाटायचं. एकदा तर मी आतल्या खोलीत जाऊन उभा राहिलो, आणि नाही म्हणून सांगायला बायकोला पुढे केलं. अण्णा तिला म्हणाले, "चपला तर हायत की त्येच्या." आणि गेले.

मग एका दुपारी ते आले आणि पाटावर टेकले नाहीत. पहिल्यांदाच माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले.

"पोरीची पत्रिका पुन्ना काढ. माझ्यासमूर."

मी म्हणालो, "बिघडलंय अण्णा. चालूच होत नाही. आठवडा झाला."

"मंग तवाबी बिघडलेलंच असंल."

"असेल," मी म्हणालो. "यंत्रच ते. चुकलं असेल."

मला त्या क्षणी सुटल्यासारखं झालं. सगळं त्या मशीनवर गेलं होतं, आणि ते काय बोलणार?

अण्णा उठले आणि सवयीनं मागे गेले. बायकोनं शिवलेल्या झाकणाची झालर वर केली आणि हाताची पालथी बाजू पाठीला लावली.

माझा मुलगा जेवायला उठेपर्यंत त्यावर मोटारींचा खेळ खेळत होता. मीच घाईनं बंद करून झाकण टाकलं होतं, छत्री वळणावर दिसली तेव्हा.

अण्णांचा हात तिथं बराच वेळ राहिला. मी वाट बघत होतो. काही तरी बोलतील, ओरडतील, दख्खनीत शिव्या घालतील, काहीही. त्यांनी झालर खाली सोडली आणि तिची एक चुणी बोटानं सरळ केली.

"इरली," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी ताप हाय म्हटलं नाही. आणि पुन्हा आमच्या घरी आले नाहीत.

पुढे त्या मुलीनंच त्यांचं केलं. तिनं आईचा भाकऱ्यांचा धंदा वाढवला, आणि दोन्ही वेळचं ताट अण्णांच्या घरी पोचवायची. कंप्युटर मी काही वर्षांनी भंगारात दिला. मॉनिटर हातगाडीवर पालथा पडून गल्लीतून गेला, तेव्हा अण्णा आपल्या कट्ट्यावर बसले होते. त्यांनी मान वळवून तो वळणापर्यंत जाऊ दिला.

त्यांना ताप भरला तो पावसाळ्याच्या तोंडावर. उतरेना. सगळी गल्ली जाऊन भेटून आली, मी टाळत राहिलो. शेवटी बायको म्हणाली, लोक काय म्हणतील. म्हणून गेलो. हेही खरं तेच सांगतो, म्हणून गेलो.

खोलीत विभूतीचा आणि औषधाचा वास होता. मुलगी उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या बदलत होती. अण्णांचे डोळे मिटलेले. मी वाकून "अण्णा, मी" एवढंच म्हणालो. त्यांनी डोळे उघडले, बारीक केले. मग हात उचलला. हाताची पालथी बाजू त्यांनी माझ्या कपाळाला लावली आणि ठेवली.

"ह्येला ताप न्हाई," ते म्हणाले. माझ्याशी नाही, तिच्याशी. "बघ, गार हाय. ह्येला तवाबी ताप नव्हता."

मुलीनं पट्टी पाण्यात बुडवली, पिळली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तापात बोलायल्यात, काका. खरं धरू नका."

मी मान हलवली. हलवली तसा तो हातही कपाळाबरोबर हलला, आणि तो कढत होता.