त्या चौकोनात टोकन शिरत नव्हतं

या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबत वाचायचो आणि हसायचो. अंगात येणं, भानामती... आपल्याला पटत नाही. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर – बी.एस्सी., अमरावतीहून – आणि हे मी अभिमानानं सांगतो. तरीही लिहितोय, कारण आता हे एकट्यानं वागवून थकलोय.

अकोल्यात जुन्या शहरात माझी भाड्याची खोली आहे. काम – ऑनलाइन खेळांचे नकाशे. परदेशातली चार-पाच मंडळी आपापल्या घरी बसून एकाच स्क्रीनवर लढाईची गोष्ट खेळतात. त्यांना गुहा, किल्ला, गोदाम वरून कसं दिसेल ते चौकोन पाडून मी काढून देतो. एक चौकोन म्हणजे पाच फूट. खेळाडूची सोंगटी, म्हणजे टोकन, भिंतीतून जाऊ नये म्हणून भिंतींवर न दिसणाऱ्या रेषा मारायच्या. आणि पाठवण्याआधी एक टोकन सगळीकडून चालवून बघायचं.

एका गिऱ्हाइकाला जुना कारखाना हवा होता. मी आमच्या धामणगाव रेल्वे गावातली जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, नकाशात काढली. शेतीवर भागेना तेव्हापासून आई तिथं कापसातली कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, वेचायला जाते. सुट्टीत तिला डबा देऊन देऊन ती शेड मला पाठ झालेली.

टोकन चालवलं. मागच्या दाराजवळच्या एका चौकोनात ते शिरेना. चुकून रेष मारली असेल म्हणून पाहिलं – नाही. नकाशा नव्यानं केला, मित्राच्या लॅपटॉपवर उघडला... तेच. आजूबाजूनं जायचं, त्यात नाही. तीन दिवस गेले. डोळे चुरचुरायला लागले. मग लक्षात आलं – आई बसते ती जागा हीच.

तिच्या जेवणाच्या सुट्टीत फोन केला.

"माय, तू अजून मागच्या दारापाशीच बसतं का?"

"हो, हवा येते तिथं. काहून रे?"

आता ग्रॅज्युएट पोरानं काय सांगावं? गेममधली सोंगटी अडून राहिली म्हणून? लाज वाटली. म्हटलं, "वाऱ्यानं कंबर धरते तुही. पुढं बसत जा."

"डाक्टर कधी झाला बाप्पा तू!" ती हसली. पण दुसऱ्या दिवसापासून पुढं बसली.

त्याच आठवड्यात छताचा लोखंडी अँगल पत्र्यासकट खाली आला. मागच्या दारापाशीच. आईची जागा मोकळी झाली म्हणून तिथं शकीलाबी बसली होती – आईची जोडीदारीण, कितीक हंगाम सोबत वेचलेली. तिचा खुबा मोडला.

ऐकल्यावर मी नकाशा उघडला. त्या फोननंतर फाईलला हात लावला नव्हता. टोकन सरळ त्या चौकोनात गेलं.

खरं सांगितलं असतं, तर आईनं हसत हसत शेडभर केलं असतं. तिच्या पोटात काही राहत नाही. मग त्या जागेवर कोणीच बसलं नसतं.

शकीलाबीला भेटायला गेलो. खाटेवरूनच तिनं माझा हात धरला. म्हणाली, "तुह्या मायनं हवेची जागा देल्ली मले, बेटा. असं कोण देते आजकाल?"

मी चहा पिऊन निघून आलो.

टोकन का अडलं, मला आजही माहीत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनाही फाईल पाठवली होती, त्यांना काही सापडलं नाही. शकीलाबी अजून काठीशिवाय उठत नाही. आणि येता-जाता आईजवळ माझी चौकशी करते.