बंद मागाच्या आठवड्यातलं दुखणं
बामचा वास आला की आजही माझं लक्ष आधी समोरच्याच्या ओठांकडे जातं. उमरेडच्या आमच्या घरात तो वास रोजचाच होता. बाबा हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर विणायचे आणि विणकराची पाठ दुखणारच, असं सगळेच धरून चालायचे. मी त्यांना बाम चोळून द्यायची आणि मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी द्यायची, तीही बहुतेकदा उपाशीपोटी, कारण हातातला साडीचा पदर विणून पुरा झाल्याशिवाय ते जेवायला उठत नसत. त्या आठवड्यात सूत आलं नव्हतं, माग बंद होता, तरी दुखणं वाढतच गेलं. "माग बंद आहे, त पाठ काहून दुखून राहिली तुमची?" आईनं विचारलं. मी आणखी एक गोळी दिली. सकाळी बाबा भिंत धरत संडासातून आले. ओठ पांढरे, अंगाला गार घाम. "डांबरासारखं काळं झालं वं पोरी," एवढं म्हणून ते खड्ड्याच्या काठाशी कोसळले. नागपूरला पोचेपर्यंत मी त्यांच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होते. डॉक्टर म्हणाले, पोटात अल्सर आहे, त्याचंच दुखणं पाठीत जात होतं, आणि या गोळ्यांनी त्यातून रक्त सुटलं. "गोळ्या कोण देत होतं?" त्यांनी विचारलं. बाबांनी डोळे न उघडताच सांगितलं, "मीच घेत होतो, साहेब. तिले काही माहीत नाही." बाबा वाचले. त्यांचं ते खोटं मी अजून खोडून काढलेलं नाही.