एस्तेरताईंनी उशिरा लिहिलेला धडा

एस्तेरताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. त्यांच्या पुतणीने एवढंच सांगितलं, “आत्या सकाळी गेली... चहा झाला, खुर्चीत टेकली, आणि गेली.” फोन ठेवून मी मुलांना म्हणाले, पुढचा धडा वाचा. कुठला, ते सांगायचं राहूनच गेलं. त्याला आता सहा आठवडे होतील.

नारायणगावजवळच्या आमच्या शाळेत आम्ही सतरा वर्षं शेजारच्या खुर्च्यांवर बसलो. त्या गणिताच्या, मी मराठीची. वयाने त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या. शिक्षकांत ख्रिस्ती त्या एकट्याच. माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, त्यामुळे आमच्या घरात देवाचा विषय कधी निघालाच नाही. हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी निवृत्त झाल्यावर एक दिवस त्या दोनशे पानी वही घेऊन माझ्याकडेच आल्या. वारूळवाडीला त्यांच्या घरी दर रविवारी आठवी ते दहावीची सात-आठ ख्रिस्ती मुलं जमायची. शाळेत कुणी “तुमच्यात नक्की काय मानतात?” असं विचारलं, की ती “नाताळ” म्हणायची आणि गप्प बसायची. त्यांच्यासाठी ताईंना धडे लिहायचे होते आणि त्यांचं मराठी मी तपासायचं होतं.

“पण मीच का?” मी विचारलं.

“तुला देव पटत नाही म्हणून. वंदना, तुला जे कळेल ते या पोरांना नक्की कळेल.”

मग दर गुरुवारी शाळा सुटल्यावर आम्ही बसू लागलो. देव एकच, आणि तोच पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, या धड्यावर महिना गेला. मी पाणी, बर्फ आणि वाफेचं उदाहरण सुचवलं. त्या म्हणाल्या, “नको. तेच पाणी कधी बर्फ होतं, कधी वाफ. हे तसं नाही. पोरं उदाहरणच लक्षात ठेवतील. त्यापेक्षा आपल्याला हे पूर्ण कळत नाही, असंच लिहू.” गणिताच्या बाईंनी असं म्हणावं याची मला गंमत वाटली. येशूच्या जन्माच्या धड्यात मी ‘अवतार’ हा शब्द घातला, तर तो त्यांनी खोडला. त्या म्हणाल्या, “अवतार अनेक होतात. आम्ही म्हणतो, देव एकदाच माणूस झाला, भूक लागणारा, रडणारा, मरणारा.” शेवटी ‘देहधारण’ ठेवला आणि खाली अर्थ दिला. कृपेच्या धड्याला एका मुलाने विचारलं होतं, “म्हणजे अभ्यास न करताच पास?” ते त्यांनी तसंच वहीत घेतलं, आणि आपलं उत्तरही: “पास नाही रे. तू परीक्षेला बसायच्या आधीच बापाने तुला घरात घेतलंय.” या वाक्याला मी हात लावला नाही.

येशूच्या वधस्तंभाचा धडा झाला, मेल्यावर पुन्हा उठण्याचा, म्हणजे पुनरुत्थानाचाही झाला. क्षमेचा धडा मात्र येईना. वर शीर्षक आणि खाली चार पानं कोरी. दोन-तीनदा विचारल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“मंदा आठवते तुला? नववीतली, डिंभ्याची?”

आठवत होती. माझं ते शाळेतलं पहिलंच वर्ष. मंदा मावशीकडे राहून शिकायची. गणिताच्या पेपरात तिची आणि पुढच्या बाकावरच्या मुलीची उत्तरं जुळली, चुकीसकट. ताईंनी भर वर्गात तिला चोर म्हटलं आणि थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी वडील येऊन तिला गावी घेऊन गेले. शिक्षण तिथेच थांबलं. दिवाळीनंतर दुसरी मुलगी ताईंकडे रडत येऊन म्हणाली, कॉपी मी केली होती, मागे वळून... हे शेवटचं मात्र मला माहीत नव्हतं, ते ताईंनी आत्ता सांगितलं.

“मी साधं पत्रही टाकलं नाही गं,” ताई म्हणाल्या. “वीस वर्षं झाली. आता क्षमेवर काय लिहू?”

पुढच्या रविवारी वर्ग बंद ठेवून आम्ही निघालो. मंचरपर्यंत जीप, तिथून घोडेगाव, आणि तिथे डिंभ्याच्या एसटीसाठी दीड तास. मंदाचा नवरा धरणात मासेमारी करतो. ती दारात जाळं दुरुस्त करत बसली होती. तिने ताईंना लगेच ओळखलं. वाटेत ताईंनी बरंच काही ठरवलं होतं, मला म्हणूनही दाखवलं होतं. त्यातलं काही त्या बोलल्या नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या, “मंदा, कॉपी तू केली नव्हतीस. मला त्याच वर्षी कळलं होतं, तरी मी आले नाही. माझं चुकलं.”

मंदाचे हात जाळ्यातच राहिले. ती म्हणाली, “मी केली न्हाई, हे मला ठावं व्हतं, बाई. तुमाला कळलं व्हतं, हे ठावं नव्हतं.”

तिने चहा केला. माफ केलं असं काही म्हणाली नाही. निघताना एवढंच म्हणाली, “माझी पोरगी सातवीला हाय. गणितात लई हुशार हाय. तिला कुणी मारू नये, तेवढं बघा.”

परतताना ताई घोडेगावच्या स्टँडवर बोलल्या. “क्षमा मिळेल म्हणून मागायची नसते, हे मला आज कळलं. आणि मी शिकवायला निघाले होते!”

त्याच आठवड्यात धडा लिहून झाला. एकच पान. देव क्षमा करतो हा आपला विश्वास आहे. पण ज्याला आपण दुखावलं त्याच्या दारात आपल्यालाच जावं लागतं. गेल्यावर समोरच्याने क्षमा केलीच पाहिजे, असा आपला हक्क नसतो. तरी जायचं. मुलांना शिकवताना त्यांनी आपली हकिगत आपल्या नावासकट सांगितली. मग महिन्यातला एक शनिवार त्या एसटीने डिंभ्याला जाऊन मंदाच्या मुलीला गणित शिकवू लागल्या, अगदी शेवटपर्यंत. वर्गात माझी चूक झाली तर मुलांसमोर ‘माझं चुकलं’ म्हणायला मला जड जात नाही, ते त्यांच्यामुळे. कुठल्याही प्रशिक्षणात हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

ताई गेल्यावरच्या प्रार्थनासभेला मंदा मुलीला घेऊन आली. मागे बसली. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मॅडम, मी बाईंला माफ केलं व्हतं. त्या दिवशी न्हाई, मागनं कवातरी. बाई पोरीजवळ बसून गणितं सोडवायच्या, मी मासं साफ करीत आयकायची... कवा केलं ते माझं मलाच कळलं न्हाई. त्यांला सांगायचं ऱ्हाऊन गेलं.”

मुलं अजून रविवारी ताईंच्या घरी जमतात. पुतणी दार उघडून देते. तपासून झालेली वही द्यायला मी गेले, तेव्हा मंदाचं बोलणं मुलांना सांगितलं. अर्धी गोष्ट त्यांना माहीत होती, उरलेलीही कळायला हवी होती. मग नववीतली एक मुलगी म्हणाली, “पण बाईंना आता कळलं असणार.” तिने विचारलं नाही, सांगितलं. मेलेली माणसं देवाजवळ जिवंत असतात, असंच पुनरुत्थानाच्या धड्यात होतं, आणि त्या धड्याचं शुद्धलेखन मीच तपासलं होतं.

माझा त्यावर विश्वास नाही. त्या मुलीला मी म्हणाले, “कळलं असेल तर फार बरं होईल गं,” आणि ते अगदी मनापासून म्हणाले. तिने मला सरकून जागा दिली, वही उघडली आणि क्षमेचा धडा मोठ्याने वाचायला घेतला. मी चपला काढल्या आणि मुलांमध्ये बसले.